बावीस हजारांत पहिली इलेक्ट्रिक गिटार

पत्र: "मी सेलूला राहते, वय तेवीस. शिकवण्या घेऊन बावीस हजार रुपये साठवलेत. मला इलेक्ट्रिक गिटार शिकायचीय. ओळखीतला एक दादा म्हणतो, आधी साधी गिटार शिक, मग इलेक्ट्रिकचं बघ. ऑनलाइन साडेसहा हजारांत गिटार, ॲम्प, बेल्ट, बॅग असं सगळं मिळतंय. पुण्याचा एक जण वापरलेली गिटार अकरा हजारांना देतोय, तिला तारा घट्ट आवळणारं लॉक आहे म्हणे. माझे हात लहान आहेत. घर पत्र्याचं आहे, लाईटीचा भरवसा नाही आणि बोर्डातले प्लग दोनच भोकांचे आहेत. वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांच्यासोबत वाजवता आलं तर फार बरं होईल. काय घेऊ?" - एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर:

साडेसहा हजारांचा संच घेऊ नका. पुण्याची लॉकवाली गिटारही घेऊ नका. आणि आधी वर्षभर साधी गिटार वाजवायचीही काही गरज नाही. तुमच्याकडच्या पैशात चांगली सुरुवात होते, फक्त ते पैसे दिसण्यावर खर्च न होता दोन गोष्टींवर खर्च व्हायला हवेत: गिटार सुरात राहिली पाहिजे आणि तार दाबायला बोटाला सोपी गेली पाहिजे. नवशिके पहिल्या तीन महिन्यांत गिटार सोडतात त्यातल्या कितीतरी जणांची बोटं मुळात ठीक असतात, वाद्यच नीट लावलेलं नसतं. तार फ्रेटपासून (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपासून) चार मिलिमीटर उंच, एक गाणं संपेपर्यंत सूर उतरलेला, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

आधी दादांच्या म्हणण्याविषयी. साध्या म्हणजे अकूस्टिक गिटारीला सहसा १२ ते ५३ जाडीच्या तारा असतात, इलेक्ट्रिकला ९ ते ४२. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात आहेत, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१२ इंचाऐवजी ०.००९ इंच. सहाही तारांचा मिळून ताण इलेक्ट्रिकवर जवळपास निम्म्यावर येतो. नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, तोही अरुंद असतो, नटपाशी (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिथे) साधारण ४२ मिलिमीटर. त्यामुळे हात लहान असतील तर इलेक्ट्रिकवर सुरुवात करणं उलट सोपंच जातं. अकूस्टिकने बोटं लवकर कडक होतात हे खरं, पण जे वाद्य वाजवायचंय त्यावरच बोटं कडक झालेली बरी. कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर), ताल, सुरांच्या जागा दोन्हीकडे त्याच आहेत.

आता बावीस हजारांची वाटणी. गिटारीला जास्तीत जास्त पंधरा हजार. हेडफोन ॲम्प किंवा बॅटरीवरचा छोटा ॲम्प, साडेतीन हजार. केबल पाचशे, सूर दाखवणारा क्लिपचा ट्यूनर चारशे, पट्टा तीनशे, तारांचे दोन जादा सेट मिळून पाचशे. सेटअपसाठी, म्हणजे गिटार नीट लावून घ्यायला, एक हजार बाजूला ठेवा. उरलेले आठशे वायरमनचे. ते कशाला, ते पुढे येतं. सगळे पैसे गिटारीवरच घातले आणि सेटअपला काही उरलं नाही, तर वीस हजारांची गिटारही दहा हजारांच्या नीट लावलेल्या गिटारीपुढे वाजवायला जड जाते.

गिटार कोणती? यामाहाची पॅसिफिका ०१२, आयबानेझची जीआरएक्स ४० आणि स्क्वायरची सॉनिक मालिका, या तिघींपैकी एक. स्क्वायर हा फेंडर कंपनीचाच स्वस्त ब्रँड. पॅसिफिका आणि जीआरएक्स दोन्हींवर २२ फ्रेट आहेत, आणि पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी कॉइलची) मांडणी एचएसएस आहे, म्हणजे नेककडे आणि मधे सिंगल कॉइल, ब्रिजकडे (बॉडीवर तारा जिथे बसतात तिकडे) हंबकर. पहिल्या गिटारीला ही मांडणी सर्वांत उपयोगी. सिंगल कॉइलचा आवाज स्वच्छ, धारदार असतो, पण तो आजूबाजूच्या विजेची घरघरही उचलतो. ट्यूबलाईट, फॅनचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर, सगळं ऐकू येतं. हंबकरमध्ये दोन कॉइल उलटसुलट जोडलेल्या असतात, त्यामुळे ती घरघर एकमेकांत मारली जाते आणि आवाज भरीव येतो. जुनी हिंदी गाणी आणि भजन सिंगल कॉइलवर छान लागतं, डिस्टॉर्शन (रॉकमधला मुद्दाम फाटवलेला आवाज) हंबकरवर. एकाच गिटारीत दोन्ही मिळतं.

हातांचा विचार करता तुम्ही स्क्वायर सॉनिक मस्टँग जरूर हातात घेऊन बघा. बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींची तार नटपासून ब्रिजपर्यंत २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर असते. मस्टँगची २४ इंच, म्हणजे ६१० मिलिमीटर. नटपासून तिसऱ्या फ्रेटपर्यंतचं अंतर पहिलीवर सुमारे १०३ मिलिमीटर येतं, मस्टँगवर ९७. सहा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण करंगळी तिसऱ्या फ्रेटवर ताणून धरताना मनगटाला तो फरक लगेच कळतो. शिवाय तिचा ब्रिज घट्ट बसवलेला असतो, हलणारा नसतो, त्यामुळे सुरात राहण्याची कटकट कमी. उणं एवढंच की दोन सिंगल कॉइलवाल्या मस्टँगवर हंबकर नाही. हंबकरवाली मस्टँगही येते, मिळाली तर तिला प्राधान्य द्या. तरीही हात लहान म्हणून २५.५ इंचांची गिटार जमणारच नाही असं मुळीच नाही. दुकानात दोन्हींवर पहिल्या चार फ्रेटवर चार बोटं एकाच वेळी ठेवून बघा. अंगठा नेकच्या मागे मध्यावर हवा, वरून वेटोळा घातलेला नको. बोटं पोचत असतील तर आकाराची चिंता सोडा.

किमती दुकानागणिक आणि सणासुदीला बदलतात. नवी गिटार पंधराच्या वर जात असेल तर याच मॉडेलांतली वापरलेली घ्या, पण खालच्या दर्जाची नवी घेऊ नका. लाकडाच्या नावांवर फार वेळ घालवू नका. पॉप्लर की बासवूड, यापेक्षा फ्रेट सारखे आहेत का हे शंभर पटींनी महत्त्वाचं. रंग मात्र आवडता घ्या. जी गिटार बघून हातात घ्यावीशी वाटते ती रोज वाजते.

साडेसहा हजारांच्या संचात नेमकं काय बिघडतं? खुंट्यांचे गिअर ढिले असतात, थोडं फिरवलं तरी तार हलत नाही, मग एकदम घसरते. नटच्या खाचा उथळ कापलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तार दाबायला दुप्पट जोर लागतो आणि दाबल्यावर सूर चढतो. सुरुवातीचे सगळे कॉर्ड तिथेच वाजतात, म्हणजे ट्यूनर हिरवा दिसतो आणि कॉर्ड बेसूर ऐकू येतो. फ्रेट कमीजास्त उंचीचे असले की एका जागी तार खरखरते आणि ती थांबवायला ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वाढवली जाते. सोबतचा ॲम्प थोडा आवाज वाढवला की फाटतो. यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त होते, पण दुरुस्तीला लागणारा पैसा गिटारीच्या किमतीच्या जवळ जातो.

पुण्याच्या गिटारीचं लॉक म्हणजे बहुधा फ्लॉईड रोज पद्धतीचा ब्रिज. त्यात तारा नटपाशी आणि ब्रिजपाशी दोन्हीकडे आवळलेल्या असतात आणि ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या ताणावर तरंगत असतो. एक तार तुटली की समतोल जातो आणि उरलेल्या पाचही तारांचा सूर चढतो. तार बदलायला ॲलन की लागते, सूर लावायला एका तारेकडून दुसरीकडे चार-पाच फेऱ्या माराव्या लागतात. वडिलांची पेटी वेगळ्या पट्टीत असेल आणि गिटार थोडी उतरवायची असेल तर ब्रिज मागून खाली बसतो. स्वस्त फ्लॉईडमध्ये तर आवळणारे पृष्ठभागच मऊ धातूचे असतात, ते झिजले की लॉक असूनही सूर टिकत नाही. जाणकार वादकाच्या हातात हा ब्रिज कमाल करतो, पण तुम्हाला आज त्याचा काही उपयोग नाही. पॅसिफिकासारखा साधा, स्क्रूंवर टेकलेला ट्रेमोलो (दांड्याने हलणारा ब्रिज) मात्र चालेल. त्याचा दांडा काढून ठेवा, मागचं प्लास्टिकचं झाकण उघडून स्प्रिंग धरणाऱ्या पट्टीचे दोन स्क्रू आत आवळा आणि ब्रिज लाकडाला पूर्ण टेकवून टाका. हलणं बंद, सूर स्थिर.

आता दोन भोकांच्या प्लगविषयी. हे नीट वाचा, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा ब्रिजमधून एका वायरने जॅकच्या अर्थला जोडलेल्या असतात. जॅकमधून केबल, केबलमधून ॲम्पची बॉडी, तिथून तीन पिनच्या प्लगमधली जाड पिन आणि मग जमिनीतला अर्थिंगचा खड्डा. म्हणजे वाजवताना तुमचे दोन्ही हात घराच्या अर्थिंगवर असतात. अर्थिंग नसेल आणि ॲम्पमध्ये गळती असेल तर ती वीज तारांवर येते. भजनाच्या ठिकाणी तर गिटार एका बोर्डावर आणि माईकचा ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर असतो. हातात तारा आणि ओठ माईकला लागले तर फरक तुमच्या अंगातून वाहतो. तीन पिनचा प्लग दोन भोकांत घालायचा कन्व्हर्टर वापरू नका, जाड पिन मोडून तर मुळीच नाही.

म्हणून तुम्हाला सुरुवातीला विजेवरचा ॲम्प घ्यायचाच नाही. थेट गिटारीच्या जॅकमध्ये बसणारा, चार्ज होणारा हेडफोन ॲम्प घ्या. तो चार्जिंगमधून काढून वाजवला की भिंतीच्या विजेशी संबंधच उरत नाही, लाईट गेली तरी रियाज चालू राहतो आणि पत्र्याच्या घरात रात्री कुणाची झोप मोडत नाही. घरच्यांना ऐकवायचं असेल तर एक ते तीन वॉटचा, पेन्सिल सेलवर चालणारा छोटा ॲम्प मिळतो, एका खोलीला तो पुरतो. हेडफोन वायरचाच वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज इतका उशिरा पोचतो की तालात वाजवणं अशक्य होतं. आणि घरातल्या होम थिएटरला किंवा टीव्हीच्या स्पीकरला गिटार थेट जोडू नका. गिटारीच्या पिकअपला पुढे सुमारे दहा लाख ओहमचा इनपुट लागतो, तसा तिथे नसतो. आवाज मेलेला, पिचलेला येतो आणि तो वाढवायच्या नादात स्पीकर जातो.

तरी वायरमनला बोलवाच, पुढेमागे मोठा ॲम्प येणारच आहे. एक बोर्ड तीन पिनचा करून घ्या आणि त्याला खरी अर्थ वायर ओढायला सांगा. काही ठिकाणी अर्थच्या भोकात न्यूट्रलच जोडून ठेवलेलं असतं, ते धोकादायक आहे. मल्टिमीटरवर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास यायला हवेत, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे. शंभर वॉटचा जुना बल्ब फेज आणि अर्थवर लावून तो मंद होतो का हेही बघायला सांगा, कारण सुकलेला खड्डा नुसत्या मीटरला फसवतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते तेव्हा अर्थिंग कमजोर होतं, खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवता आलं तर उत्तम, त्याचा खर्च वेगळा धरा, पण तो घरातल्या सगळ्यांसाठी आहे. एक खूण लक्षात ठेवा: तारांना हात लावल्यावर ॲम्पची घरघर कमी झाली तर ते नेहमीचंच आहे. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर केबल उपसू नका, हात सोडा आणि आधी मेन स्विच बंद करा.

खरेदीला शक्यतो छत्रपती संभाजीनगरला जा. सेलूहून रेल्वेने जालन्यावरून एका दिवसात जाऊन येता येतं, आणि दोन-तीन दुकानांत गिटारी प्रत्यक्ष हातात घेता येतात. दुकानदाराने स्वतः वाजवून दाखवली की गिटार छान वाटतेच, म्हणून त्याच्याकडून ती हातात घ्या आणि आधी ॲम्पला न जोडता तपासा.

गिटारीच्या डोक्याच्या, म्हणजे खुंट्यांच्या बाजूने नेकच्या कडेवरून ब्रिजकडे एक डोळा मिटून बघा. नेक किंचित खोलगट असेल तर ठीक, पिळलेला असेल तर गिटार परत ठेवा. पीळ सहसा निघत नाही. नेकच्या दोन्ही कडांवरून हात फिरवा, फ्रेटची टोकं बोचली नाही पाहिजेत. दोन्ही टोकांच्या तारा नेकच्या कडेपासून सारख्याच आत आहेत का बघा. बारीक तार कडेवरून घसरत असेल तर नेक तिरका बसलाय. मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा. सहा तारा गुणिले बावीस फ्रेट, पाच मिनिटं लागतात, दुकानात कुणी कंटाळलं तर कंटाळू द्या. कुठे तार मरते किंवा खरखरते ते मनात ठेवा. एकाच जागी असेल तर तो फ्रेट उंच आहे, सगळीकडे असेल तर फक्त ॲक्शन कमी आहे, ते सेटअपमध्ये जातं.

सूर टिकतो का ते असं बघा: ट्यूनर लावून सहाही तारा नेमक्या लावा, मग प्रत्येक तार मधल्या फ्रेटवर दहा वेळा जोरात वर ओढा आणि पुन्हा ट्यूनर बघा. नव्या तारा थोड्या उतरतात, पुन्हा लावून पुन्हा ओढा. तिसऱ्या वेळीही उतरत असतील तर खुंटी किंवा नट खराब. खुंटी फिरवताना टिक असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर तार नटच्या खाचेत अडकतेय. पेन्सिलच्या शिशाची पूड तिथे घातली की हे बरेचदा जातं. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा आणि मग तोच फ्रेट दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच हवेत. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो छोटा तुकडा) मागे न्यावं लागतं, उतरलेला असेल तर पुढे. हे एका स्क्रूचं काम आहे, त्यासाठी गिटार नाकारू नका. शेवटी ॲम्पला जोडून सगळे नॉब पूर्ण फिरवा, पाचही स्विच जागा बघा, जॅकमध्ये केबल हलवा. नॉब खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाईल, पण जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर तिथेच दुरुस्त करून मागा.

वापरलेली घेताना आणखी दोन गोष्टी. पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली खड्डे पडलेत का, आणि ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, त्याचा बाक ठरवणाऱ्या सळईचा) नट फिरतो का. तो अडकलेला असेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. मोठ्या नावाची महागडी गिटार दहा-बारा हजारांत मिळतेय म्हणजे ती नकली आहे हे धरून चाला.

घरी आल्यावर सेटअप. दुकानात करून मिळत असेल तर पैसे देऊन तिथेच करून घ्या, पण मोजायचं कसं हे तुम्हाला यायलाच हवं. त्यासाठीचं हत्यार कुठल्याही टू-व्हीलर गॅरेजमध्ये असतं: टॅपेट सेट करायचा फीलर गेज. पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, सर्वांत जाड तार नेक जिथे बॉडीला जोडलाय तिथल्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामधली फट बघा. ०.२० किंवा ०.२५ मिलिमीटरचं पातं तार न उचलता सरकलं की नेक बरोबर आहे. तिथे ०.४० चं पातं सहज जात असेल तर नेक जास्त खोलगट, ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळा. फटच नसेल तर उलट दिशेने पाव फेरा सोडा. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एकावेळी नाही. तारा पुन्हा सुरात लावा, थांबा, पुन्हा मोजा. जोर लावावा लागला तर थांबा आणि जाणकाराकडे न्या, ट्रस रॉड तुटला तर नेक गेला.

मग कॅपो काढून बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत पोलादी पट्टीने मोजा. जाड तारेला २ मिलिमीटर, बारीक तारेला १.६ च्या आसपास. सॅडलवरच्या दोन छोट्या स्क्रूंनी उंची कमीजास्त होते. त्यानंतर नट: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, तिथे कागद सरकेल एवढीच फट हवी. जास्त असेल तर खाच घासावी लागते, ती मात्र स्वतः करू नका. एकदा जास्त घासली की नवा नट. आधी नेक, मग उंची, मग नट, शेवटी सॅडल पुढेमागे करून सूर, हाच क्रम. उलट केलं तर प्रत्येक पायरी मागचीला बिघडवते.

मराठवाड्याची हवा हा इथला खास त्रास. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, हवा कोरडी ठक्क होते, नेकचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन बोचू लागतात. नेक बहुतेक वेळा सपाट होतो आणि पहिल्या फ्रेटना तार खरखरते. पावसाळ्यात उलट, नेक वाकतो आणि ॲक्शन चढते. म्हणून वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि श्रावणाच्या सुमारास, ते पातं घालून बघा. पत्र्याच्या अगदी खाली, माळ्यावर गिटार ठेवू नका, दुपारी तिथे भट्टी असते. बाहेरच्या भिंतीला टांगू नका, आतल्या भिंतीशी बॅगेत ठेवा. आणि कूलरच्या झोतात कधीच नाही: एकीकडे ओली हवा, लाईट गेली की कोरडी, त्या हिंदोळ्यात नेकही हलतो आणि तारांवर आठवड्यात गंज येतो. वाजवून झालं की सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसा. खोबरेल तेल फ्रेटबोर्डला लावू नका, ते खवट होऊन चिकट थर बसतो.

वडिलांच्या पेटीसोबत वाजवणं सहज जमेल. गिटारीच्या जाड तारेपासून बारीक तारेकडे सहा सूर पेटीवर असे येतात: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, पांढरी तीन. जुन्या पेट्या बरेचदा ट्यूनरच्या सुराशी तंतोतंत जुळत नाहीत. ट्यूनरसमोर पांढरी सहा वाजवून काटा कुठे जातो बघा. पेटी चढी किंवा उतरलेली असेल तर त्या दिवशी ट्यूनर विसरा आणि सहाही तारा पेटीवरून लावा. वडील काळी एकमध्ये गात असतील तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी कॉर्डचा आकार धरा. पांढरी दोनला कॅपो दुसऱ्या फ्रेटवर, पांढरी चारला पाचव्या. अभंगाला सुरुवातीला पूर्ण कॉर्ड वाजवूही नका. षड्ज-पंचम या दोन सुरांचा पॉवर कॉर्ड धरून टाळांच्या ठेक्यावर मोजकं वाजवा, पेटीच्या सुरांना धक्का लागत नाही. मंडळाच्या लाऊडस्पीकरला गिटार जोडायची वेळ आली तर थेट माईकच्या भोकात नको, हेडफोन ॲम्पच्या आउटपुटमधून ऑक्स इनपुटला जोडा, आवाज शून्यावरून हळूहळू वाढवा. आणि वर अर्थिंगबद्दल लिहिलंय ते तिथेही तितकंच लागू आहे.

तारा गिटारीसोबतच घेऊन ठेवा, दोन सेट, ९ ते ४२, निकेल वाउंड. जवळच्या दुकानात "गिटारच्या तारा" म्हणून मागितल्या तर बहुतेक वेळा सोनेरी ब्रॉन्झच्या अकूस्टिक तारा हातात पडतात. पिकअप चुंबकाने तारेतलं लोखंड पकडतो, ब्रॉन्झचं वेष्टण त्याला जाणवत नाही, म्हणून जाड तारा दबक्या आणि बारीक तारा भसकन पुढे ऐकू येतात. त्या चुकून बसवल्या तर जाडीमुळे नेकही वाकेल. पाकिटावर इलेक्ट्रिक आणि ०९-४२ हे दोन्ही लिहिलेलं बघूनच पैसे द्या. ऑनलाइन मागवली असेल तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपायच्या आत वरची सगळी तपासणी पहिल्या दोन दिवसांत उरका.